शून्य ओळी

"मोजल्याशिवाय हातातून काही सोडायचं नाही. पाकीट सीलबंद असलं तरी."

औषधाच्या दुकानात उभं आयुष्य काढलेल्या बाबांचा हा आवाज तिच्या कानात अजून होता. बाबा गेले, दुकान गेलं. नेम तेवढा तिच्याकडे राहिला.

ती सॉफ्टवेअर तपासायची. सध्या हाताशी होता तान्ह्या बाळांच्या औषधाचा डोस काढणारा प्रोग्राम, आणि पुढच्या सोमवारी तो हॉस्पिटलात जायचा होता. चाचणी तिनं एकच लिहिली होती. पण ती डेटाबेसच्या तक्त्यातली एकेक ओळ उचलायची — वजन, वय, औषध — आणि प्रोग्रामचं उत्तर डॉक्टरांनी लिहून दिलेल्या डोसाशी ताडून पाहायची. चारशे बारा बाळं, चारशे बारा ओळी. घोडं अडलं होतं डेटाबेसच्या जोडणीपाशी. ती ज्याच्या हाती होती, त्या तळमजल्यावरच्या गृहस्थाला सगळं ऑफिस 'कुलूप' म्हणायचं. तिनं त्याला कधी पाहिलं नव्हतं. तिचे तीन अर्ज मात्र त्यानं परत पाठवले होते.

आठवडा उरला असताना, सोमवारी सकाळी, लिफ्टचं दार मिटता मिटता तिनं हात घालून अडवलं. वायरींची भेंडोळी सांभाळत एक उंच तरुण आत शिरला.

"तळमजला. तुमचा?"

"तोच. एका कुलपाशी भांडायचंय."

"किल्ली आणलीय ना?" त्यानं अगदी गंभीरपणे विचारलं.

खाली उतरल्यावर तो नेमका कुलपाच्याच खोलीत शिरला, त्याच्याच खुर्चीत बसला... आणि तिच्या कानाच्या पाळ्या तापल्या. पण ती माघारी फिरली नाही. तो म्हणाला, खऱ्या तक्त्याला चाचणीचा हात लागू देणार नाही. ती म्हणाली, मग वेगळी प्रत द्या. बघू, म्हणाला. दुसऱ्या दिवशी दहाला ती पुन्हा हजर. तिसऱ्याही दिवशी. वही छातीशी, आवाज मऊ, पाऊल मागे नाही. चौथ्या दिवशी एक खुर्ची पुसून ठेवलेली होती, आणि एसीचा झोत तिच्यावर येऊ नये म्हणून वर पुठ्ठा लावलेला.

"या, दहाचा ठोका. घड्याळ लावून घेतो."

"कुलपानं एवढं बोलू नये."

"तेल मिळालं की बोलतं."

तिनं हसू वहीआड लपवलं.

शुक्रवारी प्रत मिळाली. चाचणी सुरू केली आणि पडदा हिरवागार, म्हणजे सगळं बरोबर. साहेबांनी रवानगीची तयारी करायला सांगितलं. तो पहिल्यांदाच वर आला होता, हातात चहाचे दोन कप घेऊन. सगळे खुश, ती गप्प. पापणी लवायच्या आत चारशे बारा ओळी? शंका काढावी तर त्याच्या कामावर बोट, तेही चारचौघांत. न काढावी तर... तिनं तपासलेल्या ओळींचा आकडा उघडला.

शून्य.

तक्ता होता, रकाने होते, ओळ एकही नव्हती. तपासायलाच काही नाही, तर चुकणार काय?

"शून्य ओळींवर मी सही करणार नाही," ती हळूच म्हणाली.

त्यानं कप खाली ठेवले. "चूक माझी. रकाने उतरवले, ओळी राहून गेल्या." आणि कुणी पाठवायच्या आधी तोच साहेबांच्या खोलीत गेला. आतलं बोलणं बाहेरपर्यंत ऐकू आलं.

दुपारी ओळी भरल्या. चारशे नऊ हिरव्या, तीन लाल. तिन्ही बाळं दीड किलोच्या आतली, आणि डोस जवळजवळ दुप्पट. हॉस्पिटलला आठवडाभर थांबायला सांगितलं गेलं.

प्रोग्राम दुरुस्त होईतो आठवडाभर ती रोज दहाला खाली जाऊन चाचणी घेत राहिली. पुढच्या शुक्रवारी चारशे बाराही ओळी बरोबर आल्या. तिनं सही केली, वही मिटली.

"आता खाली यायला कारण उरलं नाही," तो म्हणाला.

"नाही उरलं."

"त्या दिवशी... रागावला नव्हतात?"

"चूक लपवली नाहीत तुम्ही." तिची नजर वहीवरच होती. "तेव्हाच मोजून झालं होतं माझं."

त्यानं एसीवरचा पुठ्ठा उगाच सरळ केला. मग म्हणाला, "मग कारणाशिवाय ये. सोमवारी, दहाला."

ते 'ये' तिच्या अंगभर फिरलं.

"येईन," ती म्हणाली. "नेम मोडत नाही मी."

सोमवारी दहाला दोन मिनिटं कमी असताना ती उठली. शेजारची मैत्रीण म्हणाली, काम तर संपलं, आता कुठे निघालीस? तिनं हसून खाली बोट दाखवलं. वही टेबलावरच ठेवली आणि लिफ्टची वाट न पाहता जिना उतरू लागली.