निळी फुली

मालविकाला दोन सासवा होत्या. एक खरी, नाशिकची. तिने सुनेच्या पोळ्यांना कधी नाव ठेवलं नाही. दुसरी जर्मन, मरून कितीतरी वर्षं झालेली, पण तिच्या नजरेतून काही म्हणता काही सुटत नसे. ‘तुझ्या जर्मन सासूबाई’ हे नाव मालविकाच्या नवऱ्याने, अवधूतनेच काढलं होतं.

त्याचं असं झालं. ब्रेनहोफर कंपनी सुरू झाली ती जर्मनीत, एका घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये. नवरा बसच्या ब्रेकच्या लोखंडी डिस्क ओतायचा आणि बायको, हेडविगबाई, एकेक डिस्क टांगून हातोडीने वाजवायची. आपण माठ घेताना बोटाने वाजवून बघतो ना, तस्संच. आवाज बद्द आला की निळ्या खडूची फुली, म्हणजे डिस्क नापास. पुढे शेडचा कारखाना झाला, कारखान्याचे चार झाले, तपासणी मशीनवर गेली आणि बाई देवाघरी गेल्या. वर्ल्डकपसाठी कतारमध्ये बसची झुंबड उडाली, तेव्हा त्यांच्या नातवाने, रायनरने, दोह्याच्या इंडस्ट्रियल एरियात गोदाम घेतलं आणि तिथली क्वालिटीची तपासणी मालविकाच्या हाती दिली.

पहिली फुली धोंडीरामला दिसली. हा स्टोअर सांभाळणारा बीडचा गडी. जर्मनीत सील झालेली पेटी त्याने फोडली, तर आतल्या एका डिस्कवर निळी फुली. गंज चढू नये म्हणून डिस्कला तेलाचा हात फिरवलेला असतो, आणि तेलावर खडू उमटत नाही. ही फुली मात्र कोरडी ठणठणीत. मालविकाने डिस्क मशीनवर चढवली. पास. कुणीतरी चेष्टा केली असेल म्हणून तिने फुली पुसली आणि डिस्क टेस्टच्या बसला लावून टाकली.

दोह्याबाहेर, समैस्माच्या रस्त्यावर ती तडकली. बस रिकामी होती आणि ड्रायव्हर बशीरने ती वाळूत घातली, म्हणून निभावलं. बसमध्ये माणसं असती तर?

तेव्हापासून तिने कानाला खडा लावला. फुली दिसली की डिस्क बाजूला, मग मशीन काहीही म्हणो. बसवाले यल्ला, यल्ला, म्हणजे चला, आटपा, करून डोकं खायचे, तरी ती बधली नाही. रायनरला तिने फोनवर खरं कारण सांगितलं तेव्हा तो आजीच्या हातच्या केकबद्दल बोलत बसला. त्या डिस्कबद्दल त्याने पुन्हा कधी विचारलं नाही.

भीती? छे. उलट मालविकाचा त्या म्हातारीवर जीव जडला. कुठल्या कुठे, एवढ्या उन्हात, परक्यांच्या लेकरांसाठी येते बिचारी. दसऱ्याला मशीनची पूजा केली तेव्हा धोंडीरामने शेजारी एक हातोडी मांडली आणि तिलाही हळदकुंकू वाहिलं.

त्या संध्याकाळी अवधूत तिला न्यायला आला, एशियन टाउनमधून जिलबी घेऊन. सगळ्यांना वाटली, धोंडीरामशी गप्पा झाल्या. मग जायला वळला.

पांढऱ्या झब्ब्यावर, पाठीशी डावीकडे, निळी फुली.

“कुठे टेकला होतास का?”

“नाही गं. का?”

तिने झब्बा धुतला. सकाळी त्याने इस्त्रीचा शर्ट घातला, तर त्याच जागी तीच. तो उतरवून दुसरा घातला. हँगरवर तो कोरा होता, अंगात घालताच त्यावरही फुली.

मालविकाने त्याला तडक दवाखान्यात नेलं. वाटभर तो तिची टर उडवत होता, पण तिच्या हातातला हात काही सोडवून घेतला नाही. ईसीजी झाला, रक्त तपासलं, पट्ट्यावर पळवलं. डॉक्टर म्हणाले, सगळं नॉर्मल.

“अगं, तुझी सासू म्हणजे माझी आईच की,” अवधूत म्हणाला. “आई कधी पोराला नापास करेल का?”

मालविकाला हसू आलं नाही. डिस्क बाजूला काढून ठेवता येते. नवऱ्याला कुठे ठेवायचं?

गाडी आणतो म्हणून तो उन्हात निघाला. तिने काचेआडून हाक मारली. त्याने मागे न बघताच हात हलवला.

त्याच्या पाठीवरची फुली इतक्या लांबूनही स्वच्छ दिसत होती.