काचेच्या खोलीची राखण

पहिल्याच दिवशी मष्णू काचेवर कपाळ आपटून घरात आला.

निपाणीच्या बाहेर, हमरस्त्याला लागून आण्णाप्पांनी नवं घर बांधलं होतं. त्यातली एक खोली तीन बाजूंनी काचेची. त्यांचं लहानपण खिडकी नसलेल्या खोपटात गेलेलं. बसल्या जागी तवंदीचा घाट दिसलाच पाहिजे, हा त्यांचा हट्ट. शेजारी चोरी झाली, तसा त्यांनी बेळगावच्या उद्यमबागेतून चोरीची घंटा बसवणारा माणूस बोलावला. तो मोटरसायकलवरून आला आणि दार समजून सरळ काचेतच शिरायला गेला.

आत बसलेली त्यांची लेक जया खळखळून हसली.

"लागलं काय?"

"काचेला? न्हाय," तो कपाळ चोळत म्हणाला.

काचेवर कपाळाचा ठसा उमटला होता. जयानं तो पुसला नाही. का, ते तिलाही सांगता आलं नसतं...

मष्णूनं आधी चांदीसारखी पातळ पट्टी काढली. ही काचेवर चिकटवायची. काच फुटली, पट्टी तुटली, की घंटा.

"नको. घाट चिरल्यासारखा दिसंल," जया म्हणाली.

"आणि चोर आला तर?"

"घाट तर न्हेनार न्हाय न्हवं?"

मग त्यानं काच थरथरली की ओरडणारा सेन्सर लावला. तेवढ्यात रस्त्यावरून तंबाखूचा ट्रक गेला. घंटा बोंबलली. मागून दुसरा ट्रक, पुन्हा घंटा. जयाची आई मालुबाई कणकेच्या हातांनी धावत आली.

"हे चोर धरतंय का ट्रक धरतंय रं?"

मष्णू तो सेन्सर काढून घेऊन गेला. पुढच्या आठवड्यात दुसरा घेऊन आला. मग आणखी एक. ऊन कुठून कुठं सरकतं ते तो बघत बसे आणि मधेच विचारी, "सकाळी तुमी कुठं बसता? वेणी कुठं घालता? खोलीत मांजर येतं?" तिच्या दिवसाबद्दल इतकं कुणी कधी विचारलंच नव्हतं. हिवाळ्याचं धुकं काचांना बिलगे, खोली ढगात तरंगल्यासारखी वाटे... आणि जयाचा कान मोटरसायकलच्या आवाजाकडे.

"घंटा ठरवायला इतकं दिस?" मालुबाई म्हणाली. "एवढ्यात लगीन ठरतंय गं!"

एका दुपारी त्यानं दोन कोपऱ्यांत, कमरेच्या उंचीवर, दोन डब्या बसवल्या. एकीतून न दिसणारा किरण निघे, दुसरीत पोचे. मधे कुणी आलं की घंटा. काचा मोकळ्या, घाट अख्खा. जयाला हवं तसंच झालं होतं. पण आता तो कशाला येणार?

"आता हिकडं चालत या," मष्णू पलीकडून म्हणाला. "घंटा वाजली, की मी सुटलो."

"सुटायची लई घाई हाय?"

"घाई न्हाय... पर निमित्त संपलं न्हवं."

जया साडी सावरून खाली बसली आणि किरणाखालून रांगत, अलगद त्याच्या पुढ्यात जाऊन उभी राहिली. घंटा गप्प.

"चोर आत आला," ती कुजबुजली. "तुमचं यंत्र झोपलंय. परत यायला लागंल."

"किती डाव?"

"...जलमभर."

मष्णूच्या हातातला स्क्रू-ड्रायव्हर खाली पडला. तिचा हात त्याच्या हातात कधी गेला, ते दोघांनाही कळलं नाही.

भिंती काचेच्या आहेत, हे मात्र दोघं साफ विसरले होते. बाहेर आण्णाप्पा आणि मालुबाई चहाच्या कपबश्या घेऊन उभे होते.

आण्णाप्पा आत आले ते ताठ, सरळ किरणातून. घंटा कडाडली. हात सुटले.

"यंत्र बेस हाय," ते घंटेवर आवाज चढवून म्हणाले. "पर लई उशिरा लावलंस पोरा. चोर आदीच आत आलता."

मष्णूची मान खाली. आण्णाप्पांनी कपबशी त्याच्या पुढं धरली.

"चा घे. आन् आईबापाला कवा आनतोस ते सांग."

जयानं तोंड फिरवून काचेकडे पाहिलं. उतरतं ऊन त्या कपाळाच्या ठशातून आत आलं होतं. घंटा वाजतच होती. ती बंद करायचं कुणालाच सुचलं नाही.