शिमग्यातली आंबिवली

“या शिमग्याला मी सगळीच लुगडी घेतलीत,” आवडाबाई बोचक्याची गाठ दातांनी आवळत म्हणाली. “आणायला येऊ नको. लेकीच्या दारात मरेन, पण सुनेच्या डोळ्यांत सलायला आता नाय येणार.”

कलावती भाकरी थापत राहिली. दर शिमग्याला हेच. डोंबिवलीच्या खाडीकाठी होळी उभी राहायची, पाड्यात ढोल वाजू लागायचे आणि ऐन सणाला ही सून सासूला आंबिवलीला, शेवंतीवन्संच्या घरी, नेऊन सोडायची. म्हातारी वाटभर बोलायची, सून ऐकून घ्यायची. ऐकून ऐकून तिचं मन इतकं थकलं होतं की आता दुखायचंसुद्धा विसरलं होतं...

आणि सांगणार तरी काय होती ती?

ब्याऐंशीच्या पावसाळ्यात, खाडीत जाळ्याचे खुंट कुणी कुठे ठोकायचे यावरून भांडण पेटलं आणि दिवा गावच्या परशुरामने तिच्या नवऱ्याच्या, चंदूच्या, डोक्यात वल्हं घातलं. परशुरामला जन्मठेप झाली. त्या दिवशी कोर्टाच्या पायरीवर कोसळलेल्या म्हातारीला जावयाने धीर दिला, “आये, तो आता आतच मरणार.” ते वाक्य आवडाबाईने उराशी धरलं. घशाशी घास अडला की तेच म्हणायची, झोप लागेना की तेच पुटपुटायची. पोर गेल्यावर तिला उभं ठेवणारं तेवढंच एक होतं, आणि तेच खरं नव्हतं.

काही वर्षांनी परशुराम तुरुंगातून रजेवर घरी येऊ लागला, तोही शिमग्याला. त्याची आई डोंबिवलीच्याच बाजारात मासळी विकायची. तिच्या पाट्या उचलायला तो यायचा, आणि वाट कलावतीच्या मासळी विकायच्या जागेवरूनच होती. त्या जागेवर एरवी आवडाबाई सुनेच्या शेजारी बसायची. म्हणून आंबिवली! बाजारातल्या कोळणींना कलावतीने शपथा घातल्या, नणंदेचे पाय धरले. सगळ्या गप्प राहिल्या. चौकीतले हवालदार सीताराम तेवढे कोलंबी घ्यायच्या निमित्ताने येऊन हळूच सांगायचे, “वहिनी, येतोय तो.” एरवी शिक्षा झाल्यावर मेलेल्याच्या घराकडे कोण फिरकतंय? यंदा सीतारामही निवृत्त झाले होते. निरोप आलाच नव्हता, पण शिमगा म्हटला की तो येणार, हे कलावतीने गृहीत धरलं होतं.

दाराची कडी वाजली. नवा हवालदार होता, तरणा, घाईत.

“चंदू कोळ्याचं घर ना? परशुराम सुटला. कायमचा, बरं का. होळीला घरी असेल. रजेवर यायचा तेव्हा काही तंटा झाला नाही, आताही नको. कुणी त्रास दिला तर चौकीवर या.”

तो निघून गेला. तव्यावरची भाकरी करपत होती आणि ती उलटायचं भान कुणालाच नव्हतं.

“रजेवर?” आवडाबाईने विचारलं. “कधीपासून?”

“बरीच वर्षं झाली, आये.”

“बाजाराला ठाऊक हाय?”

कलावतीने मान डोलावली.

“शेवंतीला?”

पुन्हा तीच मान. आवडाबाई बोचक्यावरच बसली. तिचा आवाज चढला नाही, उलट खोल गेला.

“तो माझा लेक होता, कले... त्याला मारणारा उजळ माथ्याने हिंडत होता आणि मी आंबिवलीच्या ओटीवर बसून तुला शिव्या देत होते. सगळ्या जगाला ठाऊक, एका आयलाच नाय. कुणाला विचारून ठरवलंस?”

“तुला तेवढाच आधार होता, आये. तो कसा काढून घेऊ? शिव्या मला सोसत होत्या.”

“आणि तुझा आधार?”

इतक्या वर्षांत हे कलावतीला कुणी विचारलंच नव्हतं, तिने स्वतःलाही नाही. तिचे पिठाचे हात मांडीवर तसेच पडून राहिले आणि डोळ्यांतून पाणी वाहू लागलं.

“तो समोरून जायचा तेव्हा तू काय करायचीस गो?”

“मासळीवर पाणी शिंपडायचे. मान खाली घालून... तो जाईपर्यंत शिंपडतच राहायचे.”

म्हातारी सरकत सरकत चुलीपाशी आली. तिने सुनेचं डोकं आपल्या मांडीवर ओढून घेतलं आणि बोटांनी तिचे केस मागे सारत ती कितीतरी वेळ नुसती रडत राहिली. करपलेली भाकरी मग तिनेच उतरवली.

“मी आता कुठे जात नाय,” ती म्हणाली. “फसवलंस मना. ते मी विसरणार नाय. पण जात नाय.”

होळीच्या आदल्या दिवशी दोघी बाजारात शेजारी शेजारी बसल्या. आजूबाजूच्या कोळणी बोलता बोलता गप्प झाल्या, तेव्हाच कलावतीला कळलं. केस पिकलेला, पाठीत वाकलेला परशुराम डोक्यावर आईची पाटी घेऊन येत होता. कलावतीची मान आपोआप खाली गेली, हात पाण्याच्या डब्याकडे गेला.

आवडाबाईने तो डबा स्वतःकडे ओढला.

“राहू दे. आज पाणी मी मारते,” ती म्हणाली. “तू वर बघ.”

कलावतीने वर पाहिलं. समोरची पावलं अडखळली. परशुरामने आधी तिच्याकडे, मग म्हातारीकडे पाहिलं, आणि डोक्यावरची पाटी सावरत मान खाली घालून तो पुढे गेला.

तो वळणाआड जाईपर्यंत कलावती बघत राहिली. शेजारी म्हातारी मासळीवर पाणी शिंपडत होती, आणि तिचा दुसरा हात सुनेच्या गुडघ्यावर होता.