गाढव पाण्यात पडतं तेव्हा

मोबाईल खाली ठेवा सगळ्यांनी. पालथा ठेव रे, डोळ्यात उजेड येतो. हं.

आधीच सांगतो, भुताखेतांवर माझा विश्वास नाही. चाळीस वर्षं रेडिओ, टीव्ही, टेपरेकॉर्डर उघडून बघितले, आत तारा आणि धूळ सोडून काही निघालं नाही. पण ही गोष्ट आपल्या मागच्या गल्लीतल्या एकाची आहे आणि तिचा शेवट मी स्वतः ऐकलाय. तारीखसुद्धा सांगतो. एकवीस मार्च, शुक्रवार.

त्या दिवशी संध्याकाळी तो माझ्या दुकानात टेपरेकॉर्डर घेऊन आला. त्याला तुम्ही ओळखता. मोबाईलवर जुन्या मालिकांची टिंगल करतो तो. 'चिरफाड' म्हणतात त्याला, आणि त्याला त्यात भूषण वाटतं.

"काका, ते खूप फेमस आहेत," असं म्हणू नकोस. माहीत आहे मला. चाळिशीचा बाप्या, आठवडाभर दार लावून लहानपणची कार्टून मालिका बघत बसला होता. सगळे सव्वीस भाग. का? तर ती किती भिकार होती हे लोकांना सांगायला. अरे, ती आठ वर्षांच्या पोरांसाठी केलेली! लहानपणचा सदरा आता अंगात घालून बघायचा आणि शिंप्याला नावं ठेवायची, त्यातली गत. आणि बघणारे दहा लाख. तेही त्याच लायकीचे.

मालिका होती एका गाढवाची. गाढव स्टेशनमास्तर. स्टेशनात गाडी कधी यायची नाही, पण हा रोज टोपी घालून शिटी वाजवायचा आणि मागे सरकता सरकता पाण्याच्या टाकीत पडायचा. प्रत्येक भागात तीनदा. मलाही त्यात फार काही दिसलं नव्हतं, खोटं कशाला बोलू. पण ह्या पोराचा आणि त्याच्या धाकट्या बहिणीचा त्या गाढवावर जीव होता.

त्यांच्याकडे व्हीसीआर नव्हता. मग ती दोघं टीव्हीपुढे टेपरेकॉर्डर ठेवून नुसता आवाज भरून घ्यायची. तेव्हा बऱ्याच घरांत चालायचं असं. पण खोलीत कोणी खोकलं तरी ते टेपवर येतं. म्हणून बावीस मिनिटं घरात चिडीचूप! पहारा धाकटीचा. बाप शिंकायला लागला तर ती त्याला बाहेर घालवायची. आणि भावाला हसू आवरायचं नाही, म्हणून त्याच्या तोंडावर आपला तळहात घट्ट दाबून बसायची. स्वतः कधी हसली नाही. एकदाही नाही.

नवव्या वर्षी गेली ती. चार दिवसांचा ताप. मागे राहिल्या सहा कॅसेटी, आणि त्यांत तिचा एक शब्द नाही. पहारा इतका चोख होता तिचा.

तिची आई त्या कॅसेटी रोज सकाळी लावायची. टेपरेकॉर्डर बिघडला की माझ्याकडे यायची. मी एकदा मूर्खासारखं विचारलं, "वहिनी, गाढवाचं ओरडणं काय ऐकता रोज? पोरीचा आवाज तर नाहीच त्यात."

म्हणाल्या, "आवाज नाही म्हणूनच ऐकते. तिथं गप्प बसलीय ना ती."

तर शुक्रवारी चिरफाडनं तो टेपरेकॉर्डर काउंटरवर ठेवला. पट्टा ढिला झाला होता, बदलून दिला. मग खिशातून शेवटच्या भागाची कॅसेट काढली. "काका, ह्याच्यावर रेकॉर्ड का होत नाही?"

मी बघितलं. कॅसेटच्या पाठीवरचे दोन्ही प्लास्टिकचे तुकडे मोडलेले. वरून कोणी चुकून काही भरू नये म्हणून मोडतात ते. पोरांनीच मोडले असणार. त्या भोकांवर चिकटपट्टी लावली की पुन्हा भरता येतं.

"काय भरणार आहेस?"

"माझा आवाज. गाढव पुसायचं आणि त्या जागी माझी चिरफाड. उद्या कॅमेऱ्यापुढे हीच कॅसेट वाजवणार. लोक वेडे होतील."

"आईला विचारलंस?"

"तिला काय, एक भाग गेला तर पाच आहेत. आणि मालिका सगळी नेटवर पडलीय, हवं तितक्यांदा बघ म्हणावं. काका, व्हिडिओत तुमच्या दुकानाचं नाव घेतो."

...मी लावून दिली पट्टी. दुकानाच्या नावासाठी. त्या पोराला नावं ठेवतो ना मी, ती आधी स्वतःला ठेवून मग ठेवतो.

रात्री अकरा चाळीस. आई खाली झोपलेली. हा माडीवरच्या खोलीत. समोर लॅपटॉपवर शेवटचा भाग, आवाज बंद. बाजूला टेपरेकॉर्डर. दोन्ही बटणं एकदम दाबली, लाल दिवा लागला, आणि ह्याची टकळी सुरू झाली.

हे चित्र बघा, गाढव की खुर्ची कळत नाही. हे लिहिणाऱ्याला पगार देत होते का? आणि हे बघून हसणारे आम्ही... केवढे बिनडोक होतो आम्ही! चार मिनिटं तो असा बडबडत होता.

पडद्यावर गाढवानं शिटी वाजवली. मागे सरकायला लागलं.

"आणि आता," हा म्हणाला, "पुन्हा तोच शिळा विनो..."

तोंडावर हात आला.

...

नाही, गार नव्हता. तेच तो पुन्हा पुन्हा सांगत होता मला. गार असता तर बरं झालं असतं म्हणाला. उबदार होता. घामानं किंचित चिकट. लहान. एवढासा.

त्यानं आपला हात वर नेला. बोटांना स्वतःचेच ओठ लागले. तिथं काही नव्हतं. तरी दाब होता.

बोलायला गेला. दाब वाढला.

लॅपटॉपच्या काळ्या कडेत त्याचा चेहरा दिसत होता. एकटाच. मागे भिंत.

पाच मिनिटं. दहा.

गाढव दुसऱ्यांदा पडलं. दाब वाढला.

लाल दिवा चालू. टेप फिरतेय.

उठला का नाही? विचारलं मी. म्हणाला, काका, मांडीला मांडी लागली होती...

गाढव तिसऱ्यांदा पडलं.

मग गाणं. मग नावं. मग पडदा काळा.

हात गेला.

...

सव्वाबाराला माझं दार वाजलं. अनवाणी. ओठांवरून सारखा हात फिरवत होता. अर्धा तांब्या पाणी प्यायला, मग सगळं सांगितलं आणि पोरासारखा रडला. दहा लाख लोकांचा लाडका! मला कीव यायला हवी होती. आली नाही. मला त्याच्या आईची काळजी लागली होती. टेपरेकॉर्डर तसाच चालू टाकून आला होता तो.

पण अंधारात तो परत जायला तयार होईना, म्हणून पहाटे सहाला आम्ही त्याच्या घरी गेलो. माडीवर दिवा होता. आई टेपरेकॉर्डरपुढे बसलेली, कॅसेट मागे घेऊन पहिल्यापासून लावलेली. आतून काही येत नव्हतं. गाढव नाही. ह्याची बडबडही नाही, चार मिनिटांतला एक शब्द नाही. नुसती कोरी टेप सरकतेय.

माझ्या धंद्याची गोष्ट आहे ही, म्हणून छातीठोकपणे सांगतो. पुसलं गेलं की गेलं. परत आणता येत नाही.

"आई," तो म्हणाला, "मी... माझ्या हातून..."

तिनं वळून बघितलंसुद्धा नाही. फक्त बोट वर केलं. आम्ही दारातच थांबलो.

तिला तो भाग पाठ होता ना. तीस वर्षं रोज ऐकलेला. आवाज नव्हता तरी ती मनात चालत होती त्याच्याबरोबर. ओठ हलत होते.

"आता टोपी घालतो," म्हणाली. हळूच.

टेप सरकतेय.

"आता शिटी."

...

"आता मागे सरकतोय. सरकतोय..."

...

आणि त्या कोऱ्या टेपवर एक लहान मुलगी खुदकन हसली. मग खळखळून. पोट धरून हसतात ना, तशी. थांबेचना.

आईनं आवाज वाढवला.