पाण्याखालच्या गल्ल्यांवरची नाव

या रे बाळांनो, जरा पुढं सरका. कथा ऐकायला आलेल्यानं खांबाआड बसू नये, देवाला तोंड दिसत नाही! आज एका नावेची गोष्ट सांगायची आहे. ही नाव ओरडायची खूप, पण जागची हलायची नाही. तिचं दुखणं भल्याभल्यांना कळलं नाही, ते तिघा पोरांनी शोधलं. कसं? ऐका तर मग.

"चढवा काका, अजून चढवा!" समर्थ ओरडला.

नावाडी जानकूकाकांनी इंजिनाचं हँडल पिळलं. इंजिन असं किंचाळलं, की काठावरचे बगळे उडाले. मागं पाण्याचा नुसता फेस झाला. आणि नाव? वरातीतल्या घोड्यासारखी जागच्या जागी डुलत राहिली!

"हळू चालवली की चालते, जोर दिला की रुसते," समृद्धी म्हणाली. "अगदी आमच्या दादासारखी!"

"गप गं!" समर्थनं बहिणीला चापटी मारली.

त्यांच्याबरोबर बसलेली यशोधरा मात्र हसली नाही. ती नारायणगावची. सुट्टीला मामाकडं उंबरवाडीत आली होती. तिचं सगळं लक्ष जानकूकाकांकडं होतं. ते सारखे पल्याडच्या काठाकडं पाहत होते.

तसं कारणच होतं. जुनी उंबरवाडी तीसेक वर्षांपूर्वी धरणाच्या पाण्याखाली गेली. नवी वसली अल्याडच्या माळावर, आणि काही घरं राहिली पल्याडच्या वाडीत. मधे पाणी. रस्त्यानं जायचं तर डोंगराला वळसा, अठरा किलोमीटर, आणि एस.टी. नाही. उद्या हरिनाम सप्ताहाचा काला. त्या काल्याच्या हंडीतलं दही दरवर्षी पल्याडच्या कुशाबाई आजी लावायच्या. हंडी मांडीवर घेऊन त्या जानकूकाकांच्या नावेत बसायच्या आणि त्यांच्यामागं वाडीतली वीसेक म्हातारी माणसं. त्यांना वर्षातून एकदा गावाचं कीर्तन ऐकायला मिळायचं ते असं.

काठावर हौशीराम अण्णा कमरेवर हात ठेवून उभे होते. नाव गावाची, आणि गावाच्या समितीचे ते प्रमुख. शेजारी त्यांचा पुतण्या सयाजी मोबाइलमध्ये डोकं घालून उभा.

"जानकू, पेट्रोलात पाणी घातलंस का काय?" अण्णा कडाडले. "प्लग बदलला, टाकी धुतली, तरी हेच! वय झालं राव तुझं. तूच इंजिन खराब केलंस. उद्या काला झाला की चावी सयाजीकडं दे. आणि पल्याडच्यांना निरोप धाड, यंदा घरीच बसा म्हणावं."

"अण्णा, म्या काय बी केलं न्हाई," जानकूकाका एवढंच म्हणाले. खांद्यावरच्या उपरण्यानं त्यांनी इंजिनावरचं पाणी पुसलं, लेकराचं तोंड पुसावं तसं.

यशोधरा काठाकडं वळली. "अण्णा, आम्हाला संध्याकाळपर्यंत वेळ द्या. आम्ही शोधतो!"

"तुमी?" अण्णा हसले. "शोधा शोधा! सुट्टीच हाय की तुमाला!" आणि पुतण्याला घेऊन ते मांडवाकडं निघून गेले.

समर्थ गावच्या कीर्तनात पखवाज वाजवायचा. तो कान देऊन म्हणाला, "यशू, पेट्रोल कमी पडलं असतं तर इंजिनाचा आवाज बसला असता. हा तर चढतोय! म्हणजे बघ, पखवाज दुगणीत, दुप्पट लयीत गेला आणि गाणारे बुवा मात्र संथच राहिले."

"म्हणजे दोघांमधला दुवा तुटलाय!" यशोधरा ताडकन उठली. "काका, माझे बाबा शेतातल्या मोटारी दुरुस्त करतात. कधीकधी मोटर गरगर फिरते आणि पंप पाणीच ओढत नाही. बाबा म्हणतात, मधल्या जोडाचं रबर गेलं. तुमच्या नावेच्या पाण्यातल्या पंख्यातही असं रबर असतं का?"

जानकूकाकांनी कपाळाला हात लावला. "असतंय पोरी! इंजिन मधला दांडा फिरवतं. दांड्याभवती रबर, आन् रबरावर पंखा घट्ट बसवलेला. पण ते आत. दिसायचं कसं?"

"पाहू या!"

काकांनी इंजिन बंद केलं. चावी काढून स्वतःच्या खिशात टाकली, तेव्हा कुठं पोरांना पंख्याजवळ येऊ दिलं. इंजिन वर उचललं. पात्यांत शेवाळ नव्हतं, दोरी नव्हती. एका पात्याची कड मात्र दुमडली होती.

"समृद्धी, तुझं ते लाल नेलपेंट आण," यशोधरा म्हणाली.

"का? पंख्याला लावणार?"

"हो!"

"अगं बाई! नवी बाटली आहे माझी!" असं म्हणत समृद्धी पळाली आणि धापा टाकत परत आली. यशोधरानं दांड्याच्या टोकाच्या नटापासून पंख्याच्या मधल्या, पाती बसवलेल्या गोळ्यापर्यंत एक सरळ लाल रेघ ओढली. नट दांड्याबरोबर फिरतो आणि गोळा पात्यांबरोबर. दोघं एकत्र फिरले, तर रेघ सरळच राहणार!

"फुंकर घाला, वाळू द्या," समृद्धी ऐटीत म्हणाली. "यातलं तुम्हाला काय कळतंय!"

रेघ वाळली. काकांनी इंजिन पाण्यात सोडलं, अर्धं मिनिट पूर्ण जोर दिला, बंद केलं. चावी पुन्हा खिशात. पंखा हळूहळू पाण्यातून वर आला...

रेघ मोडली होती! नटावरचा तुकडा वर आणि गोळ्यावरचा तुकडा पार खाली!

"घसरलंय! रबर घसरलंय!" तिघंही नाचू लागली. नाव इतकी हलली, की काकांनी तिघांना दटावून खाली बसवलं.

"पण रबर उगा घसरत न्हाई," ते म्हणाले. "पंखा कशावर तरी आपटला असणार. मी न्हाई आपटला. मी गल्लीतनंच नेतो."

"गल्ली? पाण्यात?"

"मग! ह्या पाण्याखाली माझं गाव हाय. उन्हाळ्यात पाणी उतरलं की भिंती वर येत्यात, हातभर पाण्याखाली लपून बसत्यात. मी आपला चावडीवरनं निघतो, शिंपी आळीतनं सरळ, पाराला वळसा घालायचा. पल्याड जाताना देवळाचं शिखर कायम उजव्या हाताला. तिथं वाट मोकळी."

समृद्धीचे डोळे चमकले. "काका, तुम्ही गेल्या रविवारी जुन्नरला डोळे तपासायला गेला होता ना? त्या दिवशीची सयाजीदादाची रील आहे! आईच्या मोबाइलवर पाहिली मी!"

ती पळत जाऊन मोबाइल घेऊन आली. रील सापडली. सयाजी काळा चष्मा लावून पल्याडच्या दिशेनं नाव भन्नाट पळवतोय, मागं ढोलताशा वाजतोय! आणि पाण्याबाहेर आलेलं शिखर... डाव्या हाताला! पुढच्याच क्षणी चित्र धाडकन हललं आणि रील संपली.

"डाव्या हाताला?" जानकूकाकांचा आवाज खोल गेला. "आरं देवा. पोरगं शाळेच्या भिंतीवर गेलं."

चौघंही मांडवात गेली. अण्णांनी रील दोनदा पाहिली. त्याच मोबाइलवर पोरांनी काढलेला मोडलेल्या रेघेचा फोटो पाहिला. मग ते सयाजीकडं वळले. सयाजीचं तोंड पांढरं पडलं होतं.

"मला वाटलं, काही झालं नाही," तो पुटपुटला. "थोडा दणका बसला होता. आणि मग... तुमी काकांना बोलायला लागलात, तवा सांगायचं धाडसच झालं नाही."

अण्णांनी हात उगारला. जानकूकाका मधे आले.

"नका, अण्णा. गाव बुडालं तवा ह्यो जन्मलाच नव्हता. त्याला शाळा कुठं व्हती न् पार कुठं व्हता, कोण दाखवणार? मीच दाखवायचं व्हतं. चूक माझीबी हाय."

सयाजी रडू लागला, आणि वीस वर्षांच्या त्या दांडगटाला काकांनी जवळ घेतलं. यशोधराला वाटलं, आपण रेघ मोडलेली पाहिली, पण माणसांमधली ही रेघ जुळताना पाहणं काही वेगळंच!

"ते सगळं खरं," अण्णा घसा साफ करत म्हणाले, "पण नवा पंखा पुण्याहून यायला चार दिवस. उद्याचं काय?"

"उद्या जोर द्यायचाच नाही!" यशोधरा म्हणाली. "रबर जोर दिला तरच घसरतं. हळू चालवलं तर धरून राहतं. एका खेपेला पाचच माणसं, पहाटे लवकर सुरुवात!"

"संथ लय!" समर्थ म्हणाला. "बुवांसारखी."

दुसऱ्या दिवशी उजाडताच नाव निघाली. सोबत वल्हीही घेतली होती. सुकाणूवर सयाजी, शेजारी काका. "ही चावडी... आता आळी लागली... पार आला, वळव बाळा." सयाजी पाण्याकडं बघत होता आणि पहिल्यांदाच त्याला खाली गाव दिसत होतं. चार खेपा झाल्या. लाइफ जॅकेट घातलेल्या कुशाबाई आजी पहिल्याच खेपेला आल्या, हंडी पोटाशी धरून.

"यंदा नाव लई गरीब झाली गं," त्या यशोधराला म्हणाल्या, "दह्याला हिसका म्हणून बसला न्हाई!"

कीर्तन रंगलं. समर्थचा पखवाज घुमला. हंडी फुटली, आणि बुवांनी तिघा पोरांना पुढं बोलावून पहिला काला त्यांच्या हातावर ठेवला. "ज्यानं दोष शोधला तो हुशार," बुवा म्हणाले, "आणि दोष शोधून ज्यानं माणूस तोडला नाही, तो संत!" अण्णा उठले. सगळ्या गावासमोर त्यांनी सयाजीकडून नावेची चावी घेऊन जानकूकाकांच्या हातात ठेवली, आणि वाकून पाया पडले. समृद्धीनं रिकामी नेलपेंटची बाटली दाखवली, तेव्हा मांडवभर हशा पिकला!

तर बाळांनो, झाली गोष्ट. तुम्हालाही कुणीतरी रोज शाळेला पोचवत असेल, नदी ओलांडून नेत असेल, आणि त्याचं नावही तुम्ही कधी विचारलं नसेल. आज देवापुढं हात जोडाल, तेव्हा त्याला आठवा. आणि त्याच्या शेजारी थोडी जागा आमच्या जानकूकाकांनाही द्या.