जुना कंटेनर कोणी काढला?

"माझ्या लेकाचा आवाज चोरीला गेलाय," म्हातारी दारातच म्हणाली, "आणि चोर माझी सून आहे. तेवढं सिद्ध करून द्या. उद्याच तिला माहेरची वाट दाखवते."

खासगी तपास करणाऱ्या अक्कांनी तिला खुर्ची दिली. त्यांचे सोबती मास्तर, निवृत्त चित्रकला शिक्षक, पाणी आणायला उठले. आवाज कसा चोरतात हे त्यांच्या डोक्यात शिरेना. पण त्याची त्यांना सवय होती.

हकिगत अशी. थोरला लेक आजारपणात गेला. म्हातारीला प्रवास झेपत नसे, म्हणून तो दवाखान्याच्या खाटेवरून तिच्यासाठी बोलणं रेकॉर्ड करून वेबसाइटवर चढवायचा. वेबसाइट धाकट्याने बांधलेली. थोरल्याचा फोन पुढे बिघडला; उरलं ते वेबसाइटवरच.

"पुरवून पुरवून ऐकत होते. शेवटचं एकच राहिलं होतं. उद्या ऐकते म्हटलं, तर सून म्हणाली, 'आता पुरे, आई, ते राहू द्या.' दुसऱ्या दिवशी सगळंच गायब! धाकटा शेवटपर्यंत त्याच्या उशाशी होता, तेवढ्यावर जगतेय मी."

"वेबसाइटवर आता काय आहे?"

"पहिल्यापासूनचे फोटो आहेत. लोकांनी मागाहून लिहिलेले सांत्वनाचे शब्दही गेले."

अक्कांनी सर्व्हर भाड्याने देणाऱ्याला फोन लावला. तो हसला. "जागा कमी पडते? छे हो! अर्ध्याहून जास्त रिकामी आहे. मीच म्हणतो, लहान घ्या."

म्हातारीच्या घरी सून, थोरल्याची बायको, स्वयंपाकघरात कपड्यांच्या घड्या घालत होती.

"ऐकू नका, असं का म्हणालात?"

तिने घातलेली घडी मोडून पुन्हा घातली.

"दवाखान्यात त्यांच्याजवळ कोण असायचं?"

"मी एक..." ती अडखळली. "आम्ही असायचो."

धाकट्याने मान वर न करताच सांगितलं, "वेबसाइट तिच्या सगळ्या सामानासकट एका कंटेनरमध्ये, म्हणजे सर्व्हरवरच्या बंद डब्यात, चालते. मी नवी आवृत्ती चढवली. नवा कंटेनर सुरू केला, जुना बंद करून काढून टाकला. मागाहून चढवलेलं जुन्यातच राहिलं. सर्व्हर गच्च भरला होता, काय करणार?"

"याआधी बदललात तेव्हा?"

"तेव्हा आवाज आधी बाहेर काढून घेतले होते."

"विसरला बिचारा," मास्तर बाहेर येताच म्हणाले.

"मास्तर, तुमचा चष्मा कपाळावर आहे."

संध्याकाळी अक्कांनी तिघांना समोर बसवलं.

"सुनेला आवाज नको असता तर तिने आवाज पुसले असते. लोकांचे शब्द कशाला? गेलं ते मागाहून चढवलेलं सगळं. म्हणजे कंटेनरच बदलला. तो धाकट्याने बदलला, हे तो स्वतःच सांगतो. पण विसरणारा माणूस जुना कंटेनर नुसता बंद करतो. बंद कंटेनरमधून आवाज परत काढता आले असते. काढून टाकायला वेगळा हुकूम द्यावा लागतो. जागेचं कारण खोटं, सर्व्हर रिकामाच आहे. आणि दिवस कोणता? आई शेवटचं ऐकणार त्याच्या आदला." त्या थांबल्या. "का, ते त्यानेच सांगावं."

धाकट्याचा चेहरा उतरला होता. "मी दवाखान्यात गेलोच नव्हतो, आई. एकदाही नाही. फाटकापर्यंत जायचो नि परत फिरायचो. दादाचं शेवटचं लावून बघितलं... 'आई, धाकटा काही आला नाही,' एवढं ऐकलं आणि बंद केलं."

म्हातारी सुनेकडे वळली. "तुला ठाऊक होतं?"

"हो."

"चोर म्हटलं तुला मी. तरी गप्प?"

"तुम्हाला झोप लागत होती, आई."

मग सूनच धाकट्याला म्हणाली, "भावजी, पुढचं ऐकायला हवं होतं तुम्ही. मी शेजारीच होते. 'आई, धाकटा काही आला नाही. त्याला रागवू नकोस. लहानपणी मला खरचटलं तरी तोच रडायचा. त्याला हे बघवणार नाही.'"

मास्तरांनी चष्मा काढून पुसायला घेतला.

"कसं म्हणाला?" धाकटा कळवळून विचारत होता. "वहिनी, कसं म्हणाला तो? हसत?"

तिने पुन्हा सांगून पाहिलं. शब्द सगळे तेच होते; आवाज तिचा होता.