टेबलावर एक नाणं कमी

बाबांचं दफन उरकून सगळे घरी आले, तेव्हा अमेरिकेतल्या त्या छावणीच्या गावात, क्लार्क्सव्हिलमध्ये, भर दुपारचं ऊन होतं. मागच्या अंगणातल्या लाकडी टेबलावर शेजारणींनी आणलेलं बटाट्याचं सॅलड आणि बर्फ घातलेला गोड चहा मांडला होता. डिलेनीनं एका हातात पेला नुसताच धरला होता. दुसरा हात खिशात. खिशात बाबांचं नाणं.

बाबांच्या पलटणीतल्या प्रत्येकाकडे तसं पलटणीचं एक नाणं असायचं. एकानं टेबलावर नाणं आपटलं, की बाकीच्यांनी तिथल्या तिथे आपापलं काढून दाखवायचं. नसेल तो हरला. बाबा घरीसुद्धा जेवताजेवता मध्येच आपटायचे. "काढा, शिपाईबाई." तिलाही काहीतरी काढता यावं, म्हणून त्यांनी बाटलीचं बूच ठोकून सपाट करून दिलं होतं.

तिच्या बँडच्या स्पर्धेला न थांबता ते वाळवंटातल्या मोहिमेवर निघाले, त्या सकाळी तिनं त्यांच्या खिशातलं नाणं काढून तिथे ते बूच सरकवलं. होऊ दे चारचौघांत फजिती, एवढंच मनात होतं.

"फजिती म्हणजे काय!" बाबांच्या पलटणीतले टॉलिव्हरकाका आईला बाबांचा किस्सा सांगत होते. "रॉइसनं ऐटीत खिशात हात घातला, आणि निघालं काय, तर बाटलीचं बूच. हसून हसून मेलो आम्ही."

त्यांनी टेबलावरचा चमचा उगाच सरळ केला.

"मग?" आईनं विचारलं.

"हरेल त्यानं पहिली गाडी हाकायची, असं ठरलं होतं, वहिनी. खरं तर पाळी माझी होती."

सुरुंग पहिल्या गाडीखाली फुटला, हे डिलेनीला ठाऊक होतं. उरलेलं आत्ता कळलं. तिनं पेला टेबलावर ठेवला.

"रॉइससाठी," म्हणत पलटणीतल्या तरुण बेनितेझनं नाणं आपटलं. टॉलिव्हरकाकांनी आणि सोबत आलेल्या तिसऱ्या शिपायानंही आपटली. खण्. खण्. खण्.

मग आणखी एक. खण्.

आवाज टेबलाच्या टोकाकडून आला होता. तिथे बाबांची रिकामी खुर्ची होती.

"बेनितेझ, चेष्टा पुरे," टॉलिव्हरकाका म्हणाले.

"आईशप्पथ, सार्जंट. माझं हे काय, समोर पडलंय."

डिलेनीनं खिशातलं नाणं मुठीत आवळलं. दाखवलं तर आईला सगळं कळणार. तिनं मान खाली घातली.

खण्. या वेळी थेट तिच्यापुढे. पेल्यातला बर्फ हलला.

पुन्हा. पेला कलंडला.

"माझ्याकडे आहे," ती कशीबशी म्हणाली. "मीच घेतलं होतं."

तिनं मूठ टेबलावर आणून उघडली.

तळहातावर ठोकून सपाट केलेलं बूच होतं. तव्यावरून उतरवल्यासारखं गरम. बोटांच्या फटींतून बारीक, पिवळट वाळू गळत होती.

कुणी हसलं नाही. टॉलिव्हरकाका बुचाकडे बघत राहिले. मग त्यांची नजर हळूहळू रिकाम्या खुर्चीकडे गेली. खुर्चीपुढे, टेबलाच्या लाकडावर, बाबांचं नाणं होतं.

घरापुढे गाडी सुरू झाल्याचा आवाज आला. बाबांचीच. किल्ली आईच्या पर्समध्ये होती.

डिलेनी उठून घराच्या कोपऱ्यापर्यंत गेली. गाडीत कुणी नव्हतं. चालकाच्या बाजूचं दार तेवढं उघडं होतं, आणि सीट पुढे ओढलेली, तिचे पाय पोचतील इतकी.